बबा हो-टेप : वॉकर, व्हीलचेअर आणि काउबॉय बूट घातलेली ममी

पिवळा_दिवा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, शेवटासकट सगळं फोडलेलं आहे. चित्रपट २००२ चा आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही.

'बबा हो-टेप' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी २३ वर्षांचा होतो आणि आजूबाजूला मित्रांचा घोळका होता. टेक्सासमधला एक कळकट वृद्धाश्रम. तिथे एक म्हातारा, जो म्हणतो मी एल्विस प्रेस्ली. दुसरा एक कृष्णवर्णीय म्हातारा, जो म्हणतो मी जॉन एफ. केनेडी, मला मारलं नाही, रंग बदलून इथे आणून टाकलं. आणि रात्री व्हरांड्यातून फिरणारी इजिप्तची ममी, डोक्यावर काउबॉय हॅट, पायांत बूट. ही ममी माणसाचा आत्मा शोषते तो कुठल्या वाटेने, ते लिहीत नाही. संपादक धागा उडवतील. एवढं ऐकूनच आम्ही लोळलो होतो. दीड तास खिदळलो आणि विसरून गेलो.

परवा एकट्याने पुन्हा पाहिला. मधल्या काळात वडील १४ महिने एका वृद्धाश्रमात राहून आले. या वेळी पहिली दहा मिनिटं हसू फुटलंच नाही.

एक प्रसंग सांगतो. एल्विसच्या खोलीत शेजारच्या पलंगावर बुल नावाचा माणूस असतो. तो सुरुवातीलाच मरतो. एरवी कधी न फिरकलेली त्याची मुलगी सामान न्यायला येते. सामान म्हणजे काय, एक खोकं. ती ते चिवडते आणि बापाचे फोटो, युद्धात जखमी झाल्याबद्दल मिळालेलं 'पर्पल हार्ट' पदक, सगळं सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकते. पलंगावरून एल्विस विचारतो, मी घेऊ का ते? ती म्हणते, घ्या की. मग ती वाकते, तोकड्या कपड्यांत, अगदी त्याच्या समोर, आणि तिला काडीचाही संकोच वाटत नाही. खोलीत कुणी पुरुष आहे, हे तिच्या खिजगणतीतच नाही. ज्याला बघून बायका चक्कर येऊन पडायच्या, त्या माणसाच्या हे लक्षात येतं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो आणि एल्विस झालेला नट ब्रूस कॅम्पबेल काहीही करत नाही. नुसता बघतो.

तेव्हा आम्ही या प्रसंगाला शिट्ट्या मारल्या होत्या.

गोष्टीतलं तर्कशास्त्रही आता वेगळंच लागलं. ममीला हाच आश्रम का आवडतो? इथले आत्मे तर म्हातारे, थकलेले, तिचं पोट भरणार नाही असे. जॅक, म्हणजे तो केनेडी, याचा उलगडा करतो: इथे रोज कुणीतरी मरतच असतं, त्यामुळे कुणी विचारायला येत नाही. शववाहिकेचे दोघे येतात, कुरकुरत स्ट्रेचर ढकलतात, जातात. पुन्हा येतात. संस्थेचा कारभार सुरळीत चालू. हा खुलासा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या वेळी पडद्यावर ममी नव्हतीसुद्धा.

मग हे दोघं ठरवतात की आता पुरे. एकाचं कंबरेचं हाड मोडलेलं, दुसरा चाकाच्या खुर्चीत. पांढरा जंपसूट अंगावर चढतो आणि व्हरांड्यातून त्यांची ती चाल सुरू होते. एकीकडे वॉकरची ठकठक, दुसरीकडे विजेवरच्या व्हीलचेअरची घरघर. पडद्यावर नायकांच्या एंट्र्या पुष्कळ पाहिल्या. इतकी हळू आणि इतकी रुबाबदार दुसरी आठवत नाही.

कुणी पाहिला असेल तर लिहा. मला बोलायचंय.

---

शेवटची_रांग

शेवटी कुणीतरी या चित्रपटाचा धागा काढला! दंडवत घ्या.

थोडी भर घालतो. दिग्दर्शक डॉन कॉस्करेली, १९७९ चा 'फँटॅझम' करणारा. मूळ कथा जो आर. लान्सडेल या टेक्सासच्याच लेखकाची. १९९४ साली मृत्यूनंतरच्या एल्विसवरच्या कथांचा एक संग्रह निघाला होता, त्यात ती होती. (असा संग्रह निघू शकतो यावरूनच त्या माणसाचं त्या देशातलं स्थान कळावं.)

पैसे नव्हतेच. सुमारे दहा लाख डॉलरमध्ये सगळा खेळ. त्यामुळे सगळ्यात मोठी गंमत अशी झाली की एल्विसवरच्या चित्रपटात एल्विसचं एकही गाणं नाही, कारण हक्क परवडले नाहीत. संगीतकार ब्रायन टायलरची गिटार वाजत राहते, उदास, एकसुरी. हे मला फार आवडतं. माणसाचं नाव गेलं, चेहरा गेला, कंबर गेली, आता गाणीही त्याची राहिली नाहीत. पैशांची अडचण होती खरी, पण ती गोष्टीच्या अशी काही अंगाला बसली आहे की मुद्दाम केलंय असं वाटावं.

प्रिंट फक्त ३२ काढल्या होत्या. त्याच गावोगाव फिरवत, कुठे महोत्सव, कुठे एखादं चित्रगृह, असा तो अमेरिकाभर दाखवला गेला. तंबूतल्या सिनेमासारखाच प्रकार. पहिला खेळ जून २००२ मध्ये लास व्हेगासच्या महोत्सवात. ज्या शहरात खऱ्या एल्विसने १९६९ पासून सहाशेहून जास्त कार्यक्रम केले, तिथेच हा वॉकरवाला एल्विस पहिल्यांदा लोकांसमोर आला.

अजून एक. पहिल्या खेळाच्या वेळी ब्रूस कॅम्पबेल ४३ वर्षांचा होता. खरा एल्विस १६ ऑगस्ट १९७७ ला गेला तेव्हा ४२ चा. म्हणजे एल्विस ज्या वयात संपला, त्या वयाला टेकलेला नट, तो न जगलेलं म्हातारपण जगून दाखवतोय.

---

काटकोन

मी पाहिलाय आणि मला हा चित्रपट ठीकठाक वाटला. विरजण घालतोय, माफ करा, पण सगळे एका सुरात गायला लागले की मला राहवत नाही.

एक तर संथ. ९२ मिनिटांचा आहे आणि मधली ४० मिनिटं म्हातारे पलंगावर पडून विचार करतात. ममी अधूनमधून तोंड दाखवून जाते. भयपट म्हणून बसलेला माणूस घड्याळ बघायला लागतो. दुसरं, विनोद बराचसा कंबरेखालचा. नायकाच्या नको त्या जागी गाठ आली आहे आणि नर्स तिथे मलम लावते, हा विनोद किती वेळा? तिसरं, पिवळा_दिवा, तुम्ही ज्या मुलीच्या प्रसंगाचं इतकं कौतुक केलंत, त्यात ती मुलगी माणूस म्हणून कुठे आहे? बाप कसा होता, ती का आली नाही, कुणी विचारत नाही. म्हाताऱ्याच्या दुःखासाठी तिला दुष्ट करून टाकली.

चौथं म्हणजे केनेडी. गोरा राष्ट्राध्यक्ष 'रंगवून काळा केला' हा विनोद मला तरी अवघडल्यासारखा वाटला.

---

अर्धवट_झोप

काटकोन आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. खुर्ची ओढून बसलो आहे.

---

पिवळा_दिवा

काटकोन, तिसरा मुद्दा मान्य. तुम्ही लिहिलंत तेव्हा लक्षात आलं की मी आश्रमात दर रविवारी जायचो त्याचं कारण प्रेमाइतकंच 'लोक काय म्हणतील' हेही होतं. बुलच्या मुलीला ती तरी भीती नव्हती. तिची बाजू चित्रपटात नाही, ती असायला हवी होती.

संथपणाबद्दल मात्र भांडणार. त्या आश्रमात वेळ तसाच जातो. एल्विस डोळे मिटतो, उघडतो, उजेड बदललेला असतो. मधले सहा तास कुठे गेले त्यालाही माहीत नाही. कॉस्करेलीने ते कापाकापी करून असं दाखवलंय की पाहणाऱ्यालाही तारीख-वार कळेनासे होतात.

---

शेवटची_रांग

काटकोन यांच्या चौथ्या मुद्द्याला उत्तर देतो, कारण तिथे, जॅकच्या भूमिकेत, ऑसी डेव्हिस उभे आहेत.

हे गृहस्थ कोण? १९१७ चा जन्म. नट, लेखक, दिग्दर्शक, आणि नागरी हक्कांच्या चळवळीतलं फार वरचं नाव. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये जो प्रचंड मोर्चा निघाला, मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते भाषण झालं तोच, त्याच्या व्यासपीठावर सूत्रसंचालनाला डेव्हिस होते. तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये कोण होतं? केनेडी. तीन महिने पुरे व्हायच्या आत केनेडींना टेक्सासमध्येच, डॅलसला, गोळ्या घातल्या गेल्या. १९६५ मध्ये माल्कम एक्स यांच्या अंत्यविधीला जे भाषण झालं तेही डेव्हिस यांचंच.

हा माणूस ८४ व्या वर्षी टेक्सासमधल्या आश्रमात बसून म्हणतो, 'मी केनेडी आहे, मला असं रंगवलं.' एकदाही डोळा मिचकावत नाही. त्याच्या तोंडी ते वाक्य थट्टेचं राहत नाही, निदान मला तसं ऐकू येत नाही. सत्ता गेली, चेहरा गेला, आणि ज्यांच्या बाजूने उभं राहायला उशीर केला त्यांच्याच कातडीत उरलेलं आयुष्य काढायचं. हे मी ओढूनताणून लावतोय असं वाटेल, पण डेव्हिस यांनी ती भूमिका उगाच घेतली नसणार. नोव्हेंबर १९६३ च्या त्या दिवसाबद्दल जॅक बोलतो तेव्हाचा त्यांचा आवाज पुन्हा ऐका.

फेब्रुवारी २००५ मध्ये ते गेले.

---

काटकोन

सूत्रसंचालनाचं मला माहीत नव्हतं. मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच.

---

रात्रपाळी

मी चित्रपट पाहिला नव्हता. धागा वाचून काल रात्री पाहिला, पाळी नव्हती म्हणून. अशा ठिकाणी नऊ वर्षं रात्रपाळी केली आहे, त्यामुळे ममीपेक्षा माझं लक्ष भलतीकडेच होतं.

व्हरांड्याचा उजेड बरोबर आहे. अर्धे दिवे बंद असतात आणि जो चालू असतो तो फडफडतो. रात्री अडीच ते चार या वेळात इमारतीला तिचे स्वतःचे आवाज असतात. पाइप, फ्रिज, कुणाचं तरी कण्हणं, आणि वॉकरचं रबर झिजलं असेल तर फरशीवर धातूचा टक असा आवाज. तो ऐकून कोण उठलंय ते मी न बघता सांगू शकायचे.

एल्विस बेडपॅन हातात घेऊन त्या अवाढव्य किड्याशी लढतो, तिथे मी एवढी हसले की घरचे उठले. बेडपॅन हे खरोखर उत्तम हत्यार आहे. आमच्याकडे एका आजींनी एका वॉर्डबॉयला त्यानेच लोळवलं होतं आणि दोष आजींचा नव्हता.

आता नर्सबद्दल. एला जॉइसने ती छान केली आहे. ती वाईट नाही, कामात आहे. सगळे तिच्यावर रागावतात, पण तिच्याकडे किती पलंग आहेत ते मोजा. ती त्याला लहान मुलासारखं बोलते. आम्हीही बोलायचो. 'चला, आता आपण गोळी घेऊ या.' आपण कुठे घेतो गोळी? पण सवय लागते. तिला तो सेबॅस्टियन हॅफ नावाचा एल्विसचा नकलाकार आहे हे कागदावरून माहीत आहे, त्यामुळे तो एल्विस असल्याचं ऐकून ती 'बरं बरं' म्हणते. ते 'बरं बरं' मी हजारदा म्हटलंय.

एक आजोबा सांगायचे, मी हॉकीत राज्याकडून खेळलोय. आम्ही हो हो म्हणायचो. ते खरं होतं की नाही, आजही मला माहीत नाही. पण शेवटी शेवटी ते तोंडच उघडत नसत, तेव्हा चमचा पुढे करून 'पास आला सेंटर फॉरवर्ड' म्हटलं की लगेच आ करायचे. मग सगळ्या पाळ्यांनी तेच सुरू केलं. फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं, तोंडी एकीने दुसरीला सांगितलं.

---

पिवळा_दिवा

रात्रपाळी ताई, हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय.

वडिलांच्या आश्रमात त्यांच्या दारावर पाटी होती, तिच्यावर आडनाव चुकलेलं होतं. मी तीनदा सांगितलं. चौदा महिने ती तशीच होती. वडील म्हणाले, राहू दे, त्या नावाने हाक मारली तरी मी ओ देतो.

---

अर्धवट_झोप

मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. तो खरा एल्विस आहे की नाही??

माझ्या मते आहे. सत्तरच्या दशकात त्याला प्रसिद्धीचा वीट आला, म्हणून त्याने सेबॅस्टियन हॅफ नावाच्या उत्तम नकलाकाराशी अदलाबदल केली. करारात लिहिलं होतं की हवं तेव्हा परत यायचं. तो करार आगीत जळाला. मग १९७७ मध्ये मेला तो हॅफ. आणि खरा एल्विस पोटासाठी हॅफ बनून एल्विसची नक्कल करत फिरला, एका कार्यक्रमात कंबर हलवता हलवता स्टेजवरून पडला, हाड मोडलं, त्यातून संसर्ग, बेशुद्धी, आणि थेट आश्रम. सगळं दाखवलंय की पडद्यावर!

---

काटकोन

दाखवलंय कारण तो सांगतोय. फ्लॅशबॅक त्याच्या डोक्यातला आहे. करार जळाला म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही हे फारच सोयीचं आहे. मी नकलाकार असतो आणि बेशुद्धीतून उठलो असतो तर मीही हीच गोष्ट रचली असती.

लोकांना ही भूल पडायची सवयच आहे. १९८८ मध्ये मिशिगनच्या कलामाझू गावात एल्विस दिसल्याच्या बातमीने वर्तमानपत्रं भरली होती. थडग्यावर मधल्या नावात 'ए' हे अक्षर एक जास्त आहे म्हणून तो मेलाच नाही असं मानणारेही होते. बरं, शव चोरायचा डाव उघडकीला आल्यावर १९७७ च्या ऑक्टोबरात ते ग्रेसलँडच्या, म्हणजे त्याच्याच घराच्या, आवारात हलवलं, ही मात्र खरी गोष्ट.

---

शेवटची_रांग

यातला सगळ्यात सुंदर विनोद कुणाच्या नजरेत आला का? ज्याच्यावर जगात कुणी विश्वास ठेवत नाही तो एल्विस, जॅकची गोष्ट ऐकून म्हणतो, अरे पण केनेडी गोरा होता. स्वतःची थाप खरी, दुसऱ्याची खोटी. पुढे केव्हातरी तो त्याला 'मिस्टर प्रेसिडेंट' म्हणायला लागतो. कधीपासून, ते पटकन सांगता येत नाही. मी दोनदा मागे नेऊन पाहिलं.

---

दगडधोंडे

उशिरा आलो. इजिप्त निघालं की मला कुणीतरी हाक मारायला हवी होती.

'हो-टेप' हे गंमत म्हणून चिकटवलेलं शेपूट नाही. 'हेतेप' म्हणजे प्राचीन इजिप्ती भाषेत तृप्त, शांत, समाधानी. आमेनहोतेप म्हणजे आमुन देव तृप्त आहे. इम्होतेप म्हणजे जो शांतीने येतो तो. सक्कारा इथला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड याच इम्होतेपच्या नावावर आहे, साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. आणि 'बबा' हे अमेरिकेच्या दक्षिणेकडे भावाला, गड्याला मारायची हाक. म्हणजे नावाचा अर्थ झाला 'तृप्त बाब्या'. ज्याची भूक भागतच नाही त्याचं हे नाव! तेही त्याचं खरं नाव नव्हे, या दोन म्हाताऱ्यांनी पाडलेलं. ममीचं स्वतःचं नाव चित्रपटभर कुणालाच माहीत नाही.

इथे मी थोडा पाल्हाळ लावणार. इजिप्ती लोकांच्या हिशेबात माणूस म्हणजे एकच आत्मा नव्हे, त्याचे बरेच भाग: का, बा, सावली, हृदय, आणि नाव. नाव हा माणसाचा भाग. ते कुणी उच्चारत असेल तोवर मेलेला टिकतो. म्हणून शत्रूला संपवायचं तर कोरलेल्या नावावर छिन्नी चालवायची. हातशेप्सुत राणीची नावं अशी खरवडली गेली, आखेनातेन राजाची खरवडली गेली. देहाबरोबर एकदा मरायचं, आणि नाव पुसलं, हृदय तराजूत कमी पडलं की कायमचं, दुसऱ्यांदा.

आता एल्विसकडे बघा. याने आपलं नाव आपल्या हाताने दुसऱ्याला देऊन टाकलं. छिन्नी स्वतःच चालवली. दारावरच्या पाटीचं पिवळा_दिवा यांनी लिहिलंय ते वाचून मला हेच आठवलं.

आणि ही तर कहरच: एल्विसचं गाव मेम्फिस. टेनेसीतलं हे मेम्फिस १८१९ मध्ये वसलं आणि नाईलकाठच्या प्राचीन राजधानीवरून त्याला नाव दिलं, कारण तेही मोठ्या नदीकाठी. सक्कारा ही त्या मूळ मेम्फिसची स्मशानभूमी. टेनेसीवाल्यांनी तर १९९१ मध्ये गावात पोलादी पिरॅमिडच उभा केला. तेव्हा ममी आणि एल्विस एका अर्थाने गाववाले.

---

रात्रपाळी

तृप्त बाब्या 😄

---

अर्धवट_झोप

दगडधोंडे, वाचनखूण साठवली. पण ममी टेक्सासमध्ये कशी? जरा बादरायण संबंध नाही का?

---

दगडधोंडे

चित्रपटात ती फिरत्या प्रदर्शनातून चोरली जाते, नेणारी बस वादळात नदीत कोसळते. बादरायण म्हणावं तर अमेरिकेत खरोखर याहून विचित्र घडलंय.

एल्मर मॅककर्डी नावाचा एक दरोडेखोर १९११ मध्ये ओक्लाहोमात पोलिसांच्या गोळीने मेला. प्रेत घ्यायला कुणी आलं नाही. प्रेतात मसाला भरणाऱ्याने ते टिकवून ठेवलं आणि बघायला पैसे घेऊ लागला. पुढे ते जत्रांतून, तमाशांतून दशकानुदशकं फिरलं, हातोहात विकलं गेलं आणि खरं प्रेत आहे हेच लोक विसरले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या भुताच्या खोलीत एका मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं. टांगलेला पुतळा हलवताना त्याचा हात निखळला आणि आत हाड दिसलं. १९७७ च्या एप्रिलमध्ये त्याला ओक्लाहोमात मूठमाती मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एल्विस गेला.

---

काटकोन

हे अवांतर आहे पण माझ्याकडून पूर्ण गुण.

माझा शेवटचा आक्षेप मांडतो, तोही नीट. लोक याला प्रायश्चित्ताची गोष्ट म्हणतात. प्रायश्चित्त कशाचं झालं? एल्विस पडून पडून काय आठवतो? बायकोशी नीट वागलो नाही, मुलीला वाढताना पाहिलं नाही, मॅनेजर कर्नल पार्करचं ऐकून कचरा चित्रपट केले. (खरंच ३१ केले होते.) मग शेवटी तो काय करतो? ममी जाळतो. मुलीला फोन? चिठ्ठी? काही नाही. ज्यांचं देणं होतं त्यांना दमडी मिळाली नाही, आणि भलत्याच म्हाताऱ्यांचे आत्मे वाचले.

---

पिवळा_दिवा

बरोबर. आणि मला वाटतं दिग्दर्शकाला ते पक्कं ठाऊक आहे. शेवटी मुलीची भेट घडवून आणणं किती सोपं होतं! दार उघडतं, ती येते, डोळे पुसते, संपलं. कॉस्करेली त्या वाटेला जातच नाही. ते देणं फिटत नाही, ते तसंच घेऊन तो मरतो.

मग हाताशी जे आहे ते. शेजारच्या खोलीतली माणसं, ज्यांची नावंही त्याला धड माहीत नाहीत. तो मुखवटा घातलेला म्हातारा आठवतो का, स्वतःला रानटी पश्चिमेचा वीर समजणारा? टिकल्यांची पिस्तुलं घेऊन तो एकटाच ममीसमोर जातो आणि मरतो. त्याच्याबद्दल हे दोघं जे बोलतात त्यात कीव नाही. उभ्याने गेला, आत्मा शाबूत घेऊन गेला, एवढंच. ठिणग्या उडवणारी खेळण्यातली पिस्तुलं आणि तरीही.

यांची स्वतःची तयारी तरी काय? स्पिरिट, फवारा, काडेपेटी. आणि केनेडींच्या १९६१ च्या शपथविधीच्या भाषणातल्या त्या प्रसिद्ध वाक्यात 'देश' काढून 'वृद्धाश्रम' घातलेली एक घोषणा. त्या जागी मी हसलो. रडत होतो आणि हसलो.

---

शेवटची_रांग

शेवटाबद्दल लिहितो, कारण दगडधोंडे यांच्या 'हेतेप'ने माझ्या डोक्यात दिवा लागला.

जॅक गेलेला असतो. ममी जळून गेलेली असते. एल्विस नदीकाठी उताणा पडलेला, पांढरा जंपसूट चिखलाने आणि रक्ताने माखलेला. वर आकाशात तारे हलतात आणि चित्रलिपी तयार होते, तीच लिपी जिने आधी संडासाच्या भिंतीवर ममीने घाण लिहून ठेवली होती. खाली अर्थ उमटतो: सगळं ठीक आहे. तो आभार मानतो, स्टेजवर मानायचा तसेच, आणि संपतं.

मी इतकी वर्षं याला 'गोड शेवट' समजत होतो. पण जर त्या नावाचा अर्थच 'तृप्त' असेल, तर ममीला नावापुरतं चिकटलेलं ते शेवटी या माणसाला मिळालं. लान्सडेलने हे ठरवून केलं की नाही, देव जाणे.

श्रेयनामावलीत पुढच्या भागाची जाहिरात आहे, 'बबा नॉस्फेरातू', त्यात स्त्री-व्हॅम्पायर वगैरे. आधी निव्वळ थट्टा होती, मग खरंच हालचाल झाली, पॉल जियामाटीचं नाव जोडलं गेलं, कॅम्पबेल बाजूला झाला आणि ते राहिलंच. झालं नाही ते एका परीने बरं. डेव्हिसशिवाय कोण बसणार त्या खुर्चीत?

---

काटकोन

काल पुन्हा पाहिला. अजूनही संथच आहे. मुलीचं पात्र अजूनही अर्धं आहे.

व्हरांड्यातली चाल तीनदा मागे नेऊन पाहिली. एवढंच लिहितो.

---

अर्धवट_झोप

काटकोन विरघळले!! स्क्रीनशॉट काढला आहे.

पिवळा_दिवा, वडील आता कसे आहेत?

---

पिवळा_दिवा

घरी आहेत. रविवारी त्यांच्यासोबत लावला. मी म्हटलं जमेल तितका बघू. किडा आला तेव्हा म्हणाले, हे काय लावलंस. झोपतील असं वाटलं, पण जागे राहिले. मी मध्ये विचारलं, हा खरा असेल की नकली? त्यांनी उत्तरच दिलं नाही, पुढे वाकून बघत होते. व्हरांड्याचा प्रसंग आला, माझा गळा दाटला, आणि हे म्हणतात, 'त्याच्या वॉकरची उंची चुकली आहे. कोपर बघ किती वाकतंय. असं धरलं तर खांदे भरून येतात, कुणी सांगत कसं नाही त्याला?'

मला तर काही चुकलेलं दिसलं नाही.

---

रात्रपाळी

काकांनी बरोबर नियम सांगितलाय. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. कोपर जेमतेम वाकावं. त्यांच्या स्वतःच्या वॉकरचं रबर बदलून किती दिवस झाले? बघा एकदा.